मास्टरांचं बालपण आणि माझं बोट

मला फक्त काच बदलायची होती. फ्रेमच्या दुकानात जायचं, काच बसवून घ्यायची, चित्र परत खिळ्याला अडकवायचं आणि चहा टाकायचा, एवढाच माझा त्या दिवशीचा बेत. त्यातला चहा तेवढा झाला, तोही गार.

आमच्या घरात शिरलं की आधी बोळासारखा एक पॅसेज लागतो. डाव्या हाताला चपलांचं कपाट आणि त्याच्यावर भिंतीत विजेचा मीटर. मीटर काही कौतुकाने बघावा अशी वस्तू नाही. म्हणून मी त्याच्यावर एक चित्र टांगलं होतं. चित्रात एक पोर स्टुलावर बसलंय. पांढरा शर्ट, अर्धी चड्डी, डोक्याला कानापर्यंत ओढलेली टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर आणि चेहऱ्यावर असा भाव की कधी एकदा हे संपतंय. आल्यागेल्याने विचारलं की मी सांगायची, ‘‘माझ्या धाकट्या भावाचं चित्र.’’ आणि माणूस एक चप्पल पायात, एक हातात, असा तिथेच थांबायचा.

कारण माझा धाकटा भाऊ म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक. जग त्याला मास्टर म्हणायचं. त्याने नुसत्या तीन रेघा मारल्या तरी लोक त्या रेघांसमोर उभे राहून रडायचे. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवली होती. आमचे वडील गेले तेव्हा शेजारच्यांनी रेडिओसुद्धा बारीक केला नव्हता.

तर, मीटरचा आकडा घ्यायला माणूस यायचा. तो चित्र उचलायचा, आकडा लिहायचा, चित्र परत लावायचा. ह्या खेपेला नवीन माणूस आला. त्याने चित्र लावलं ते खिळ्याला नाही, खिळ्याच्या शेजारच्या हवेला. काचेचे तुकडे माझ्या चांगल्या चपलांत गेले ते वेगळंच. वर मलाच म्हणतो, ‘‘आजी, मीटरसमोर अडथळा ठेवायचा नाही असा नियम आहे.’’

‘‘तो अडथळा नाही, माझा भाऊ आहे,’’ मी म्हटलं.

‘‘कोणीही असो,’’ तो म्हणाला आणि आकडा लिहून निघून गेला. धाकट्याबद्दल इतकं सरळ बोललेला आयुष्यात मला भेटलेला हा एकच माणूस.

मुलगा संध्याकाळी कामावरून आला. म्हणाला, ‘‘आई, टाकून दे ना ते. मी तुला एक छान कॅलेंडर आणून देतो.’’ माझा मुलगा गुणी आहे, पण अक्कल वाटत होते तेव्हा बहुतेक कॅलेंडर बघत उभा असेल.

खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही सल्लागार म्हणतो. पाणीखात्यातून निवृत्त झाले, पण सल्ल्यातून अजून झाले नाहीत. नळ गळत असो की कोणाचं लग्न मोडत असो, त्यांचं वाक्य एकाच ठिकाणी सुरू होतं. ‘‘मी खात्यात असताना...’’ ते जिना चढून आले, काचा न्याहाळल्या आणि म्हणाले, ‘‘मी खात्यात असताना एक गोष्ट शिकलो. मूळ वस्तू नजरेआड करायची नाही. फ्रेमवाल्याकडे चित्र ठेवून येऊ नका. समोर बसून काच बसवून घ्या.’’

मी बसले. फ्रेमवाल्याचं दुकान म्हणजे दोन कपाटांच्या मधली फट. त्याने मागचे खिळे उपटले, पुठ्ठा काढला आणि बघतच राहिला. चित्र कापडावर नव्हतंच. पत्र्यावर होतं. आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील’. खाली छत्रीवाल्याचं नाव, गल्ली, आणि एक काळी छत्री, उघडलेली.

‘‘आजी, ह्यातली दर्शनी बाजू कोणती?’’ फ्रेमवाल्याने विचारलं.

‘‘तुला काय वाटतं, मी मीटरवर छत्री टांगली होती?’’

मग त्याने पत्रा उलटा केला, उजेडात धरला आणि त्याचे डोळे मोठे झाले. ‘‘अहो, हे तर मास्टर! पोरीच्या पुस्तकात छापलंय की हे. मास्टर लहानपणी! आणि हे अस्सल? रंगवलेलं?’’ मग खालच्या आवाजात, ‘‘काचेने इथे हातावर चरा गेलाय बघा. करंगळीजवळ रंग उडालाय.’’

तेवढ्या वेळात दुकानाबाहेर पाचपन्नास माणसं गोळा झाली होती. फ्रेमवाल्याला बोलताना हळू बोलायचं असतं हे कोणी शिकवलं नसावं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘मास्टरांचे बालपण सापडले’. कुठे सापडलं? तर ‘एका वृद्धेच्या घरी, विजेच्या मीटरवर’. ती वृद्धा मी. नाव नाही, गाव नाही, मास्टरांची बहीण असंही नाही. माझ्यापेक्षा मीटरबद्दल जास्त लिहिलं होतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. ते चित्र धाकट्याचं नाहीच. माझं आहे.

वडिलांचा एक मित्र दुकानांच्या पाट्या रंगवायचा. साबण, बूट, छत्र्या, ‘येथे थुंकू नये’. त्याने एकदा वडिलांना शब्द दिला की तुझ्या मुलाचं चित्र काढून देतो. मुलाचं. मुलगी त्या घरात होती, पण चित्र काढण्यासारखी नव्हती. ती कामाची होती. तर तो जुना पत्रा घेऊन आला, त्याने स्टूल मांडलं आणि धाकट्याला बसवलं. धाकटा बसला नाही. तो कधीच कुठे बसला नाही. त्याने रंगाचा डबा उलथला, पाटीवाल्याच्या पाठीवर चढला, स्टूल ढकललं. शेवटी वडील म्हणाले, ‘‘मुलगा बसत नसेल तर थोरलीला बसव. चेहरे सारखेच आहेत. कपडे त्याचे घाल.’’

पाटीवाला म्हणाला, ‘‘मला काय, कोणीतरी बसलं म्हणजे झालं.’’

मग मला धाकट्याचा शर्ट घातला, चड्डी घातली. मी अंगाने बारीक होते, कपडे बसले. वेणी टोपीत कोंबली. आणि सांगितलं, हलायचं नाही. मी हलले नाही. माशी नाकावर बसली तरी हलले नाही. आणि धाकट्याची लुडबूड नको म्हणून पाटीवाल्याने त्याच्या हातात एक जुना ब्रश दिला आणि म्हणाला, ‘‘जा, तिकडे कोपऱ्यात काय रंगवायचं ते रंगव.’’ त्याने पाण्याचं पिंप रंगवलं. सगळ्यांनी त्या पिंपाभोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढचं सगळ्या पुस्तकांत आहे.

पुस्तकांत नाही ते एवढंच. बैठका चालल्या तेवढे दिवस माझी शाळा बुडली. चित्र पुरं झालं तोवर आईच्या लक्षात आलं होतं की मी घरी असले की भांडी वेळेवर होतात. मग कोणी मला शाळेत जा म्हटलं नाही. नको जाऊस असंही कोणी म्हटलं नाही, म्हणजे भांडायचीसुद्धा सोय नव्हती. तिसरी अर्धी झाली होती, ती अर्धीच राहिली.

चित्र झाल्यावर आई त्याच्यासमोर उभी राहिली. पोटची दोन पोरं, रोज बघते ती. म्हणाली, ‘‘अगदी हुबेहूब धाकटा!’’

पण पाटीवाला इमानी माणूस. छत्री असेल तर छत्री काढायची, हे त्याचं शास्त्र. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. त्याच्या आदल्या वर्षी धाकट्याने रागाने स्वयंपाकघराचं दार धाडकन लावलं, माझं बोट फटीत होतं. मला डॉक्टरकडे नेलं नाही, कारण घाबरून धाकटाच जास्त मोठ्याने रडत होता आणि आधी त्याला गप्प करायचं होतं. बोट तसंच भरून आलं, बाहेरच्या बाजूला वळलेलं. पाटीवाल्याने ते तसंच काढलं. त्या चित्रात माझी म्हणता येईल अशी ती एकच गोष्ट होती.

पुढे धाकटा मोठा झाला, त्याला ते चित्र नको झालं. ‘‘पाटीवाल्याचं काम,’’ म्हणायचा. त्याचा एक फोटो तेवढा ठेवून घेतला, पुस्तकांत छापतात तो तोच, आणि मूळ चित्र मी घेऊन आले. एकदा टीव्हीवर त्याची मुलाखत चालली होती. त्यात सांगत होता, ‘‘मी तासन्‌तास त्या स्टुलावर बसायचो. स्टूल टोचायचं. पण रंगांचा वास यायचा आणि मी भारून जायचो.’’ मी फोन लावला. म्हटलं, ‘‘अरे, स्टुलावर मी बसले होते. टोचत होतं ते मला.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘ताई, काहीतरीच काय! तू तर स्वयंपाकघरात असायचीस.’’

खोटं बोलत असता तर परवडलं असतं. त्याला खरंच तसं आठवत होतं. माझं बूड दुखलं तेसुद्धा त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

तर पेपरात आलं आणि आठवड्याच्या आत धाकट्याचं स्मारक उभारणारी समिती आमच्या जिन्यात. पुढे अध्यक्ष, घामाघूम. त्यांच्यामागे एक प्राध्यापक, ज्यांनी धाकट्यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय. त्यांच्यामागे एक फायलीवाले साहेब. आणि सगळ्यांच्या मागून, हळूहळू, प्रत्येक मजल्यावर दम खात, आमची भावजय. धाकट्याची बायको. ती मला काही हवं असलं की ‘ताई’ म्हणते आणि भांडायचं असलं की ‘वन्सं’. त्या दिवशी दारातूनच म्हणाली, ‘‘ताई, किती बारीक झालात!’’ मी ओळखलं, चित्र हवंय.

प्राध्यापकांनी खिशातून भिंग काढलं आणि चित्रावर वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. मला वाटलं, पाठ धरली. मग म्हणाले, ‘‘करंगळी बघा. ही वक्रता! सगळं शरीर शिस्तीत आणि एक बोट तेवढं बंड करतंय. पुढच्या सगळ्या कलेची बीजं ह्या एका बोटात आहेत. मी माझ्या पुस्तकात ह्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय.’’

‘‘दारात सापडलं होतं,’’ मी म्हटलं.

‘‘हो हो, दारात म्हणा, उंबरठ्यावर म्हणा. बालपणाच्या उंबरठ्यावरच सापडतं ते.’’

मी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला तो डाव्या हाताने. करंगळी अगदी त्यांच्या नाकासमोर. त्यांनी कप घेतला, म्हणाले, ‘‘साखर नको होती.’’

मी अट घातली. चित्र फुकट देते. मला त्याचं काहीही नको. फक्त खाली एक ओळ लिहायची, ‘ह्या चित्रासाठी मास्टरांची थोरली बहीण बसली होती.’ बस्स. भावजयीचा चेहरा उतरला. ‘‘वन्सं,’’ ती म्हणाली. मी म्हटलं ना.

अध्यक्ष राजकारणात मुरलेले. म्हणाले, ‘‘का नाही, का नाही! तुम्ही फक्त अर्ज करा. समिती विचार करेल.’’

अर्जासोबत मी मास्टरांची बहीण असल्याचा पुरावा जोडायचा होता. आता मी त्याची बहीण आहे हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते सगळे वर गेलेले. जन्माची नोंद? माझी केलीच नव्हती. फायलीवाले साहेब म्हणाले, शाळेचा दाखला चालेल, त्यावर वडिलांचं नाव असतं. मी मुलाला घेऊन शाळेत गेले. इतक्या वर्षांनी. बाकं नवी होती, पण वास तोच, खडूचा आणि ओल्या डस्टरचा.

कारकुनाने जुनं दप्तर खूप वेळ चाळलं आणि म्हणाला, ‘‘आजी, दाखला देता येणार नाही. तुमचं नाव आहे, पण तुम्ही शाळा सोडल्याची नोंद नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे सोडल्याशिवाय सोडल्याचा दाखला कसा देणार?’’

‘‘म्हणजे मी अजून तिसरीत आहे?’’

त्याने परत बघितलं. ‘‘नोंदीप्रमाणे, हो. गैरहजर.’’

मुलगा हसायला लागला. मी नाही हसले. मी म्हटलं, ‘‘मग लिहा, हजर.’’ पण रांगेतला मागचा खिडकीत घुसला आणि कारकुनाने मान वळवली.

शेवटी बहीण असल्याचं लेखी कोण देणार, तर भावजय! म्हणजे आमच्या घरात मी जन्मले त्याचा दाखला, माझ्यानंतर तीस वर्षांनी त्या घरात आलेल्या बाईने द्यायचा. तिने दिला. सही करताना तीनदा विचारलं, ‘‘चित्र नक्की देताय ना?’’

समितीने मला बोलावलं. आदल्या संध्याकाळी सल्लागार आले. म्हणाले, ‘‘मी खात्यात असताना बघितलंय. तुम्ही एकदम ‘हे माझं आहे’ म्हणालात की लोक कान बंद करतात. आधी काय नाही ते सिद्ध करा. ते बोट मास्टरांचं नाही, एवढंच आधी मान्य करून घ्या. एकदा ते मान्य झालं, की मग कोणाचं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आणि तुम्ही तिथे असणारच, बोट घेऊन.’’

मला पटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचं बोलणं मला पटलं, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

समितीची बैठक एका लांब खोलीत होती. मधोमध टेबल, टेबलावर माझं चित्र, शेजारी पाण्याच्या बाटल्या. भिंतीला खुर्ची लावून एक बाई बसली होती, ती जुनी चित्रं दुरुस्त करणारी. काचेने उडालेला रंग तिने भरायचा होता. मी उभी राहिले आणि घोकून ठेवल्याप्रमाणे म्हटलं, ‘‘ह्या चित्रातली करंगळी मास्टरांची नाही. त्यांची करंगळी सरळ होती. सगळी बोटं सरळ होती.’’

खोलीत एकदम गडबड. प्राध्यापकांच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं. ‘‘अशक्य! माझं अख्खं प्रकरण...’’

आणि मग मदत आली ती कोणाकडून? भावजयीकडून. ती ताडकन उभी राहिली. ‘‘ह्यांची बोटं सरळच होती! आणि लांबसडक! वाकडं बोट म्हणे! शेवटपर्यंत एक बोट वाकडं नव्हतं. त्यांच्या हाताचा साचा आहे की प्लास्टरचा, मागवा!’’

साचा शेजारच्याच खोलीत होता. आणला. टेबलावर चित्राशेजारी ठेवला. प्लास्टरचा पांढरा हात, पाचही बोटं कशी शिपायांसारखी ताठ. सगळे त्या हाताकडे बघायला लागले, मग चित्राकडे, मग परत हाताकडे. सल्लागार म्हणाले होते तसा प्रश्न उभा राहिला होता. आपोआप. मला दिसत होता. आता फक्त उत्तर द्यायचं होतं.

मी डावा हात उंच केला. बाकीची बोटं मिटली आणि करंगळी तेवढी वर धरली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून.

फायलीवाल्या साहेबांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम माया आली. ‘‘अरे,’’ ते दारातल्या शिपायाला हळूच म्हणाले, ‘‘आजींना जायचंय. बाहेर डावीकडे.’’

मी म्हटलं, ‘‘नाही हो, मला...’’

‘‘लाजू नका आजी,’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘वय झालं की होतं असं. आमच्या आईचंही तेच.’’

शिपायाने दंड धरला. मी ह्या वयाची बाई, सुना-नातवंडांची, जिच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे सल्लागार गप्प होतात, ती शाळेतल्या पोरीसारखी करंगळी वर करून खोलीबाहेर काढली गेले. पॅसेजभर मी त्याला समजावत होते, ‘‘अरे बाबा, मला जायचं नाहीये.’’ तो म्हणत होता, ‘‘सावकाश जा, मी उभा आहे.’’ आणि खरंच दाराबाहेर उभा राहिला. आत जाऊन मी नुसता नळ सोडला आणि हात धुतले. दुसरं करणार काय?

परत आले तेव्हा सगळे हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. प्राध्यापकसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, ‘‘अभिनंदन आजी! तुमचा मुद्दा समितीने एकमताने मान्य केला. भिंतीवर तुमचा उल्लेख येणार.’’

‘‘बोटाचा?’’

‘‘बोटाचाच!’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी कोणाला दाखवलं नाही, पण आलं. तिथल्या तिथे सही करून चित्र देऊन टाकलं. घरी येऊन मुलाला म्हटलं, ‘‘बघ. म्हणत होतास ना, आई पुन्हा तेच. मान्य झालं.’’ सल्लागार तर इतके फुगले की जिन्यात मावेनात. ‘‘खात्यातला अनुभव,’’ एवढंच म्हणाले.

स्मारक उघडलं त्या दिवशी मी चांगले कपडे केले. त्या चपलासुद्धा घातल्या, काचा गेलेल्या. एकेक तुकडा वेचून काढला होता. मुलगा आणि सल्लागार बरोबर होते. दालनाच्या मध्यभागी काचेची उंच पेटी, त्यात चित्र, दोन्ही बाजूंनी दिसेल असं. भोवती ही गर्दी. मी कोपरं मारत पुढे गेले.

स्टूल होतं. टोपी होती. कधी एकदा संपतंय असा माझा चेहरा होता. आणि गुडघ्यावर डाव्या हाताची करंगळी. सरळ. प्लास्टरच्या हातासारखी ताठ, सरळ, नवीकोरी. इतकी सुंदर करंगळी माझ्या हाताला कधी नव्हती.

खाली पितळी पट्टी. मी अक्षरं लावत लावत वाचते, त्यामुळे मला वेळ लागला. मागचे लोक ढकलत होते. ‘मास्टर, बालपणी. मूळ रंगचित्र. करंगळीच्या चित्रणात चित्रकाराकडून राहिलेली चूक मास्टरांच्या ज्येष्ठ भगिनींनी लक्षात आणून दिल्यामुळे दुरुस्त करण्यात आली. समिती त्यांची आभारी आहे.’

मी पेटीला वळसा घालून मागे गेले. मागे छत्री होती. तिचीही पट्टी होती. छत्रीवाल्याचं पूर्ण नाव, त्याची गल्ली, त्याच्या धंद्याचा थोडक्यात इतिहास. लोक वाचत होते आणि ‘अरे वा’ म्हणत होते.

‘‘एकंदरीत,’’ सल्लागार खाकरले, ‘‘उल्लेख आला.’’ त्यांच्याकडे मी असं बघितलं की ते छत्रीचा इतिहास वाचायला निघून गेले.

प्राध्यापक भेटले. नव्या आवृत्तीची प्रत हातात. म्हणाले, ‘‘आजी, तुमचे उपकार! आता प्रकरणाचं नाव बदललंय, ‘चुकलेलं बोट’. एका सामान्य पाटीवाल्याला मास्टरांचा हात समजलाच नाही, असा मुद्दा मांडलाय.’’

मी म्हटलं, ‘‘समजला होता. तुम्हाला समजला नाही.’’

‘‘अगदी खरं आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आपल्याला कलावंत समजतच नाहीत.’’ आणि दुसऱ्या कोणाला सही द्यायला वळले.

मी पेटीच्या काचेवर हात ठेवला. माझा हात त्या हाताच्या शेजारी आला. पहारेकरी ओरडला, ‘‘बाई, काचेला हात लावू नका, डाग पडतात.’’ भावजय पुढे आली, रुमालाने काच पुसली आणि म्हणाली, ‘‘ताई, आता किती बरं दिसतंय ना ते?’’ आज तिला काही नको होतं, तरी ताई म्हणाली. म्हणजे जिंकली.

इतक्यात अध्यक्ष आले. मागे फायलीवाले साहेब, पुढे फोटोवाला. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, फोटोवाल्याकडे बघून हसले आणि मोठ्याने विचारलं, ‘‘काय आजी, मास्टरांचं लहानपणचं आणखी काही आहे का घरात? स्वतःच्या हातचं, मूळ असं? ते पाण्याचं पिंप वगैरे?’’

‘‘पिंप गंजलं,’’ मी म्हटलं. ‘‘पण एक आहे. पिंपाच्याही आधीचं. त्याच्या हातचं पहिलं काम. त्यावर सही नाही, पण अस्सल आहे. आणि त्याची दुरुस्ती तुमच्यापैकी कोणाला जमायची नाही.’’

आणि मी डावा हात उंच केला, करंगळी वर धरली.

सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. फायलीवाल्या साहेबांच्या चेहऱ्यावर परत तीच माया आली. त्यांनी हळूच शिपायाला खूण केली. ‘‘अरे, आजींना जरा बाहेर... इथे उजवीकडे आहे.’’

शिपाई आला. दंडाला हात लावला. मी हलले नाही. फोटोवाला म्हणाला, ‘‘आजी, हात खाली घ्या.’’ मी घेतला नाही. मुलगा कानाशी येऊन म्हणाला, ‘‘आई, चल ना, लोक बघतायत.’’ मी तशीच उभी, बोट वर करून, समोर बघत. ढकलणारे दमले, बघणारे पांगले, दिवे मालवायची वेळ झाली तरी तशीच. न हलता थांबायची मला लहानपणापासून सवय आहे.